निर्व्यसनी माणसाच्या उलट्या

सव्वादोन वर्षं मी बाथरूममध्ये काढली. थट्टा नाही करत. सानपाड्याच्या आमच्या फ्लॅटचं बाथरूम ते केवढं, पण त्यात प्लास्टिकचं स्टूल टाकून, गीझर चालू ठेवून, पोटावर कढत पाणी घेत मी तासन्‌तास बसायचो. बाहेरून मंदा, म्हणजे माझी बायको, दार वाजवायची. "अवो, शिजाल आतमधी." मी म्हणायचो, "शिजू दे."

हे लिहितोय ते आरोग्य केंद्राच्या बाकड्यावर, मांडीवर प्लास्टिकची पिशवी धरून बसलेल्या माणसासाठी. उलटी येईल म्हणून धरलेली पिशवी. मीही तसाच बसलो होतो आणि आत जाऊन काय सांगायचं तेच मला सुचत नव्हतं. मी काही लेखक नाही. कळंबोलीच्या लोखंड बाजारात वजनकाट्यावर बसतो, तीस-बत्तीस वर्षं ट्रकांची वजनं लिहितोय. शुद्धलेखन मुलीनं, प्राजक्तानं, तपासलंय. मजकुराला मात्र मी तिला हात लावू दिला नाही.

सगळं नॉर्मल

सुरुवात सकाळच्या मळमळीनं झाली. चहाचा वास नकोसा व्हायचा. मग एका आठवड्यात उलट्या, दिवसाला दहा-बारा, पोटात काही नसताना नुसतं हिरवं पाणी. दोन-तीन दिवस हा तमाशा चालायचा आणि मग अचानक थांबायचा. थांबला की मी इतका बरा असायचो, की आपण नाटक तर नाही ना केलं, असं वाटून माझी मलाच लाज वाटायची. महिन्याभरानं पुन्हा तेच.

मंदानं कोकमाचं पाणी दिलं, साळीच्या लाह्यांचं पाणी दिलं, मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. डॉक्टर झाले चार. नळी घालून पोट बघितलं, सोनोग्राफी झाली, सलाईनं लागली. प्रत्येक ठिकाणी शेवटी तेच, "सगळं नॉर्मल आहे." नॉर्मल हा शब्द ऐकला की मला शिवी दिल्यासारखं व्हायचं. आमचा वजनकाटा दहा-दहा किलोनं सरकतो, त्यावर माणसाचं वजन काय कळणार. पण पूर्वी गंमत म्हणून उभा राहिलो की ऐंशी दाखवायचा. त्या वर्षी उभा राहिलो तर साठ. त्यानंतर मी त्यावर पाय ठेवला नाही.

आराम फक्त गरम पाण्यानं पडायचा. साध्या गरम नव्हे, चटका बसेल अशा. कामावर असलो की रबराची पिशवी पोटाला बांधून बसायचो. पोटावर जाळीसारखे तपकिरी डाग पडले होते, शर्टाखाली कोणाला दिसत नव्हते.

आणि हो, प्रत्येक डॉक्टर एक प्रश्न हमखास विचारायचा. "काही व्यसन?" मी तोंड उघडायच्या आत मंदा सांगायची, "नाय हो डॉक्टर, निर्व्यसनी हायेत. सुपारीचा खांड पन खात नाय." डॉक्टर लिहायचे. मी मान डोलवायचो.

ओटीवरचा शब्द

या शब्दाची गोष्ट सांगायला हवी. मंदाचा बाप दारूनं गेला. तिला मागणी घालायला आम्ही गेलो तेव्हा तिच्या मामानं ओटीवर बसून एकच गोष्ट विचारली, "पोरगा पितो काय?" माझ्या आयेनं छाती पुढं काढून सांगितलं, "माझा पोर निर्व्यसनी हाय." पडद्याआड मंदा उभी होती. त्या एका शब्दावर ती माझ्या घरात आली, असं ती स्वतः सांगते.

माझ्या हिशेबानं ते खोटंही नव्हतं. दारूला मी कधी शिवलो नाही, तंबाखू नाही, बिडी नाही. रोज संध्याकाळी होडीत बसून गांजा ओढायचो, पण तो मी व्यसनात धरतच नव्हतो. तो मी हिरामणच्या दोस्तीत धरत होतो.

होडी

हिरामण दिवाळे गावचा, कोळ्याचा. शाळेत एका बाकावर बसायचो. माझा बा मिठागरात कामाला होता. तेव्हा आत्ताचे सेक्टर कुठले, नजर जाईल तिथपर्यंत मिठाचे पांढरे ढीग आणि मध्ये खाडीचं पाणी. ढिगांवर ऊन पडलं की डोळे उघडे ठेवता यायचे नाहीत. शाळा सुटली की आम्ही दोघं चिखलात उड्या मारणारे निवट्या मासे धरायचो आणि चिखलासकट घरी जाऊन मार खायचो.

गांजा पहिल्यांदा माझ्या हातात दिला तो कळंबोलीच्या ट्रक यार्डातल्या एका ड्रायव्हरनं. मी बावीस वर्षांचा होतो. तो मी दिवाळ्याला नेला आणि हिरामणला दिला, हेही लिहितो, कारण आजवर मी स्वतःलाही उलटंच सांगत आलो. त्यानंतर आमची संध्याकाळ ठरून गेली. काट्यावरून सुटलो की दिवाळे. होडी किनाऱ्याला बांधलेली, भरती चढत असायची, जाळ्यांना ओलसर खारट वास. काठावर बायका सुकवलेला जवळा गोळा करत असायच्या आणि एकमेकींची उणीदुणी काढत असायच्या. आम्ही ओढायचो आणि गप्प बसायचो. होडी हळूहळू चिखलावरून उचलली जायची, तो क्षण बुडाखाली कळायचा. मग हिरामणची आय हाक मारायची, "या रं जेवाला."

तिच्या हातचं जिताडं, खाडीतला तो मोठा मासा, मी अजून विसरलो नाही. आमच्यात माशाचं डोकं घरच्या पुरुषाच्या ताटात. हिरामणचा बाप लवकर गेला, म्हणून डोकं हिरामणला. तो ते दोन हातांनी मोडून अर्धं माझ्या ताटात टाकायचा. आय म्हणायची, "दोघं मिलून एक पुरुष हाव." खोटं कशाला बोलू, माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात सुखाच्या संध्याकाळी त्या. आजही कोणी परत देतो म्हणालं तर चप्पल न घालता धावत जाईन.

पण पुढचंही लिहायला हवं. आय गेली. हिरामणचे गुडघे गेले, तो रोज होडीवर येईना. मी मात्र ओढत राहिलो. आधी संध्याकाळी, मग कामावर जाण्याआधी, मग गच्चीवर टाकीमागं. उलट्या लागल्यावर तर जास्तच, कारण ओढलं की मळमळ थोडी बसल्यासारखी वाटायची. हिरामण नसताना ओढायला लागलो तेव्हा मी काय ओढत होतो, हे मला कळायला हवं होतं. नाही कळलं.

मंदाची मासळी

प्राजक्ताच्या साखरपुड्याला हॉलमध्ये पाहुणे आणि मी बाथरूममध्ये. व्याही दोनदा विचारून गेले, "बाबा कुठं आहेत?" मंदानं कायतरी सांगून वेळ मारून नेली. तिथून मला थेट ॲडमिट केलं. रक्तातले क्षार इतके खाली गेले होते की डॉक्टर मंदाला बाजूला घेऊन बोलले. किडनीवर ताण आलाय, असंच होत राहिलं तर कठीण आहे. ती परत आली ती पदरानं चष्मा पुसत.

डिस्चार्ज मिळाल्यावर ती गावदेवीला जाऊन आली आणि घरी येऊन म्हणाली, "मी मासली सोरली." एवढंच. मी ओळखलं, माझ्या उलट्यांसाठी नवस बोललीय.

बाहेरच्याला यात काही विशेष वाटणार नाही. पण आमच्यात मासळीशिवाय घास म्हणजे जेवणच नव्हे. मंदा तर अशी, की आजारी असली तरी सुक्या बोंबलाचा तुकडा चघळून बरी व्हायची. तीच बाई आता आमच्यासाठी मासळी साफ करायची, तळायची, वाढायची आणि आपण वरण-भात घेऊन बाजूला बसायची. मला ते बघवायचं नाही. बघवायचं नाही म्हणून मी जेवून गच्चीवर जायचो आणि ओढायचो. या वाक्याची मला लाज वाटते, पण ते इथं असू दे.

बाकडं

आरोग्य केंद्रात मी माझ्यासाठी गेलोच नव्हतो. मंदाच्या बीपीच्या गोळ्या आमच्या सेक्टरमागच्या केंद्रात मिळतात, तिच्यासोबत गेलो होतो. लाईनीत मला कोरडी उबळ आली. सिस्टर म्हणाली, "काका, तुमचा पण केसपेपर काढा." काढला. मांडीवर पिशवी घेऊन बसलो.

डॉक्टरबाई प्राजक्ताच्या वयाची. लातूरकडची, बोलण्यावरून कळत होतं. आम्ही दोघं आत गेलो. मंदानं माझी फाईल टेबलावर ठेवली आणि बोलायला सुरुवात केली. बाईंनी दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाल्या, "काकू, तुम्ही तिकडं सिस्टरकडं बीपी दाखवून घ्या. मी काकांना तपासते. माझी पद्धतच आहे, पेशंटला थोडा वेळ एकट्याला बघायचं." मंदाला ते आवडलं नाही. पण गेली.

बाईंनी पोट तपासायला शर्ट वर करायला सांगितला. डागांवर बोट ठेवलं. "हे कशानं?"

"गरम पाण्याची पिशवी."

"गरम पाण्यानं बरं वाटतं? अंघोळ किती वेळा करता?"

मी म्हटलं, "मोजत नाही. पाच-सहा." सव्वादोन वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं, मीही कोणाला सांगितलं नव्हतं. अंघोळ काय डॉक्टरला सांगायची गोष्ट आहे?

त्यांनी खुर्ची पुढं ओढली. "आता मी सगळ्यांना विचारते तेच विचारते हं. काल एका आजींना विचारलं तर त्या चिडल्या. मिसरी, तंबाखू? दारू? गांजा, भांग? झोपेच्या गोळ्या?" भाजीचा भाव विचारावा तसं एका सुरात विचारलं. भुवई जागची हलली नाही.

मी दाराकडं बघितलं. तसं त्या म्हणाल्या, "मी पोलीस नाही काका. इथं बोललेलं उपचारासाठी. बाहेर बसलेल्यांना पण कळणार नाही, काकूंना पण नाही."

माझ्या तोंडातून आवाज निघाला तो मलाच ओळखू आला नाही. "गांजा. रोज. बावीस वर्षांचा होतो तेव्हापासून." आणि लगेच म्हटलं, "पण बाई, त्यानं तर मळमळ कमी होते. तेच एक औषध आहे माझं."

"तसंच वाटतं," त्या म्हणाल्या. मग सांगितलं की वर्षानुवर्षं रोज ओढणाऱ्या काहींना अशाच उलट्या लागतात, गरम पाण्याशिवाय त्यांना चैन पडत नाही आणि सोडलं की हळूहळू थांबतात. "बाकीचं तुमचं सगळं तपासून झालंय, म्हणून माझा संशय इकडं जातोय. खात्री सोडल्यावरच होईल." प्रत्येकाची उलटी गांजाची नसते, हेही त्यांनी बजावून सांगितलं. म्हणून मीही सांगतो, आपल्या मनानं ठरवू नका.

ज्या हातानं औषध देत होतो तोच हात विष देत होता. राग आला, कोणावर ते कळेना.

"सोडावंसं किती वाटतं? दहापैकी सांगा," त्या म्हणाल्या.

"चार."

मला वाटलं आता लेक्चर येणार. त्यांनी विचारलं, "चार का? शून्य का नाही?"

मला रडू आलं. चोपन्न वर्षांचा माणूस लेकीच्या वयाच्या पोरीसमोर रडला. मी म्हटलं, "बायकोनं माझ्यापायी मासळी सोडलीय."

निघताना मी विचारलं, मंदाला सांगू का. त्या म्हणाल्या, "ते तुम्ही ठरवायचं. मी सांगणार नाही, सांगा असा आग्रह पण करणार नाही." मंदा आत आली तेव्हा त्यांनी तिला एवढंच सांगितलं, की उपचार सुरू केलाय, दर आठवड्याला काकांना पाठवा.

उद्यापर्यंत

पहिले पंधरा दिवस विचारू नका. झोप नाही. डोळा लागलाच तर स्वप्नं अशी, की उठून बसावं. रोज मिठागर दिसायचं, बा दिसायचा, मी मिठाच्या ढिगावर चढतोय आणि ढीग विरघळतोय. घामानं उशी भिजायची. भूक मेली. काट्यावर एका ड्रायव्हरला इतकं बोललो की मालकानं मला आत बोलावून पाणी दिलं. मंदावर ओरडलो, मीठ जास्त झालं म्हणून. जास्त झालं नव्हतं.

सिस्टरचा फोन यायचा. "काका, जमतंय?" मंदा शेजारी असली की मी म्हणायचो, "गोळी घेतली." ती समजायची. "उद्या परत करते, उद्यापर्यंत काढा," म्हणायची. उद्यापर्यंत काढणं जमायचं. जन्मभर सोडायचं म्हटलं असतं तर पहिल्याच दिवशी गच्चीवर गेलो असतो.

पाचव्या आठवड्यात गच्चीवर गेलोच एकदा. दोन दिवसांत उलट्या हजर, स्टूल परत बाथरूममध्ये. केंद्रात जाऊन सांगितलं. तोंड दाखवायची इच्छा नव्हती. बाई म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. आता आपल्या दोघांची खात्री झाली." पुन्हा दहापैकी विचारलं. मी आठ म्हटलं.

हिरामणला सांगायला गेलो ते सगळ्यात जड गेलं. तो होडीवर बसला होता, खिशाकडं हात गेला होता. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "माला तर कदी काय झाला नाय." मग हात खिशातून रिकामाच काढला. "येनार ना पन?" एवढंच विचारलं त्यानं. मी येतो म्हटलं. त्या दिवसापासून मी असलो की तो ओढत नाही. मी गेल्यावर काय करतो ते मी विचारत नाही. आम्ही बसतो. भरती चढते, होडी उचलली जाते. जुनी मजा तेवढी नाही येत, हे खरं सांगतो. पण येतच नाही असं नाही.

डोकं

त्यानंतर पाच महिने एक उलटी नाही. गीझर सगळ्यांच्या एवढाच चालतो. काट्यावर एकदा भीत भीत उभा राहिलो, सत्तर. प्राजक्ताच्या लग्नात मी पंगतीत वाढत फिरलो.

आणि मंदा अजून वरण-भातच खात होती.

मी म्हटलं, "अगं, झालो ना मी बरा. फेड तो नवस." ती म्हणायची, "नाय झाला अजून." दुसऱ्यांदा म्हटलं, तिसऱ्यांदा म्हटलं. तेच उत्तर. मला वाटलं वर्षाचा नवस असेल. मग चिडलो, की देवी काय डॉक्टरच्या सहीचं सर्टिफिकेट मागतेय का. मंदा हसली नाही.

एका रविवारी दुपारी हिरामण गुडघे धरत आमच्याकडं आला. हातात पिशवी, पिशवीत जिताडं. "भरतीला गावला," म्हणाला आणि चहा घेऊन गेला. मंदानं कालवण केलं. दोनच ताटं होती, प्राजक्ता सासरी. माझ्या ताटात भात, कालवण आणि डोकं. तिच्या ताटात वरण-भात.

घास उचलवेना. पोटाचं काही नव्हतं. मी म्हटलं, "मंदा, त्या केंद्रातल्या बाईनं मला गोळ्यांनी नाही बरं केलं."

तिनं हात थांबवला.

मग सांगितलं. गांजा, बाविसाव्या वर्षापासून, होडी, गच्ची, टाकीमागं, सगळं. तिच्या मामाला ओटीवर माझ्या आयेनं दिलेला शब्द, तिला ठाऊक नसलं तरी, खोटा होता, हेही. ताटाकडं बघत बोललो, तिच्याकडं बघायची छाती नव्हती. सहा-सात महिन्यांपूर्वी सोडायला घेतला म्हटलं, मध्ये एकदा घसरलो तेही म्हटलं. बोलणं संपलं.

"माला म्हायती हाय," मंदा म्हणाली. "लगीन झाल्याच्या पयल्या वर्सापासना म्हायती हाय. मी खारीकाठची पोर. होडीचा वास कुठला न गांजाचा वास कुठला, माला कलत नाय काय?"

"मग विचारलं का नाहीस?"

"माझी आय बाला रोज इचारायची. रोज भांडान. इचारून काय झाला? मी ठरवलेला, आपुन इचारायचा नाय." तिचा आवाज फुटला. "पन त्यानी उलट्या होतान ते माला म्हाईत नव्हता, देवीची शप्पत. डॉक्टरला पयल्या बारीला मी निर्व्यसनी बोलले ना, तवा वाटला तुमी थांबवाल. बोलाल, नाय गं, असा असा हाय. तुमी मान हलवली. मंग दुसऱ्या डॉक्टरला बोलले. तिसऱ्याला बोलले. दर बारीला वाटायचा, आता थांबवतील."

सव्वादोन वर्षं मी मान डोलवत होतो आणि ती वाट बघत होती. तिथं कळलं की आम्ही दोघांनी मिळून मला आजारी ठेवलं होतं.

"आणि मासळी?" मी विचारलं. "ती माझ्या उलट्यांसाठी ना?"

"उलट्यांसाठी डॉक्टर हाईत," मंदा म्हणाली. "देवीला मी बोललेले, यांनी माज्या तोंडावर खरा बोलूं दे, मंग मासली खाईन."

तिनं डोळे पुसले. वरण-भाताचं ताट बाजूला सरकवलं आणि कालवणाचं भांडं पुढं ओढलं. मग हात लांब करून माझ्या ताटातलं जिताड्याचं डोकं उचललं आणि आपल्या ताटात घेतलं. सगळं एकटीनं खाल्लं, काटे चोखून, बोटं चाटून. मला अर्धं द्यायचं तिच्या मनातसुद्धा आलं नाही.